नानांच्या गाण्याचे नवे शब्द

आमच्या जुन्या शेजारी सुमनमावशींचा निरोप आला म्हणून परवा कॉलेज सुटल्यावर मी सायकल घेऊन फॅक्टरीच्या क्वार्टरांकडे गेले. त्यांचे यजमान, आमचे काका, रिटायर झाले आहेत, महिनाअखेरीला क्वार्टर रिकामं करून ते दोघं नागपूरला मुलाकडे जाणार आहेत, त्याआधी एकदा येऊन जा, एवढाच निरोप होता. आम्ही ती वस्ती सोडून जबलपूरच्याच मदन महल भागात राहायला आलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी शेवटच्या वळणावर मशीनच्या तेलाचा, सिगडीच्या धुराचा आणि कडुनिंबाचा तो एकत्र वास आला आणि पाय आपोआप पॅडलवर थांबले. फाटकाशी बिहीचं, म्हणजे पेरूचं, झाड तसंच होतं. व्हरांडा मात्र फार लहान वाटला. तिथल्या लाल फरशीवर चार फिकट ठिपके होते. नानांच्या खुर्चीचे पाय तिथं टेकत असत.

हे सगळं मला नीट सांगता येईल का, मला शंका आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा फॅक्टरीत फिटर, आईचं शिक्षण सही करण्यापुरतं. घरात पुस्तक म्हणावं असं एक पंचांग होतं. त्यामुळे जे काही चांगले शब्द माझ्या वाट्याला आले, ते आधी या व्हरांड्यात आले.

नाना म्हणजे सुमनमावशींचे वडील. ते कवी होते. आधी नाटक कंपन्यांसाठी पदं करायचे, पुढे बोलपट आले तेव्हा सिनेमासाठी गाणी. त्यांचा जन्म मागच्या शतकातला, आणि ते हे असं सांगायचे की जणू मागचं शतक म्हणजे शेजारचं गाव आहे. "मी त्या शतकातला माणूस. इथं पाहुणा आलो, आणि मुक्काम लांबला." बायको गेल्यावर मुलीनं त्यांना जबलपूरला आणलं. तेव्हा नागपूर दुसऱ्या राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते. "नागपूर गेलं तिकडं, आपण इथंच राहून गेलो," असं बाबा रेडिओवर नागपूर केंद्र लावताना म्हणायचे. क्वार्टरांच्या त्या ओळीत मराठी घरं मोजकीच. बाकी शेजार हिंदी. ते सगळे नानांना 'कविजी' म्हणत आणि जाता-येता नमस्कार करत. नानाही अर्धवट उठून, नाटकातल्या राजासारखा एक हात पुढे करून तो घेत.

माझ्या आठवणीत त्या व्हरांड्यात ऋतू एकमेकांत मिसळून गेले आहेत. थंडी आली की शहपुऱ्याकडच्या मटाराच्या शेंगा पोत्यानं यायच्या. मावशी परातीत ढीग ओतायच्या आणि आम्ही सोलत बसायचो. नखात हिरवा वास राहायचा. उन्हाळ्यात दाराला लावलेल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर पाणी मारायचं आणि तो ओला गारवा नाकाला लावून बसायचं. पावसाळा संपत आला की सिंगाडेवाला ओरडत यायचा, आणि सिंगाडा सोलून द्या म्हणून आम्ही पोरं नानांच्या मागे लागायचो. हे सगळं चालू असताना नाना बोलत असायचे. समोर कोणी ऐकतंय की नाही, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. मी मात्र ऐकत होते. आई कुंपणापलीकडून हाक मारायची, "काहून ग, रोज रोज नानांचं डोकं खाऊन राहिली? घरी ये!" त्यावर नाना म्हणायचे, "राहू द्या हो, माझं डोकं आहे, अजून पुष्कळ शिल्लक आहे."

त्यांच्या बोलण्यात एक कंपनी कायम प्रवासात असायची. आगगाडीच्या डब्यात गुंडाळून ठेवलेले राजवाडे आणि जंगलं. ओल्या कॅनव्हासचा वास, दाढी चिकटवायच्या डिंकाचा वास, पावडरीचा वास. एका पंगतीला बसलेले राजा, विदूषक आणि शिंपी. गॅसबत्तीभोवती किडे इतके जमायचे, की गाताना तोंड उघडायला नट भीत असत. ही कंपनी एकदा जबलपूरलाही आली होती, आणि तेव्हा नाना अगदी तरुण होते. नायिकेचं काम करणारा मुलगा पहाटे ग्वारीघाटला जायचा आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून आवाज लावायचा. नावाडी वल्ही थांबवायचे. फुलवाल्या बाया परड्या खाली ठेवायच्या. "मुलीनं मला म्हातारपणी जबलपूरला आणलं," नाना म्हणायचे, "तेव्हा मी पहिल्यांदा घाटावर गेलो. म्हटलं, बघू या तरी, नर्मदेकडे त्याचा थोडा आवाज उरला आहे का."

"मग? होता?" मी विचारलं होतं.

"कोण जाणे. माझे कान कमी पडले."

गाणं कसं करतात, हेही मी त्यांना असंच कधीतरी विचारलं. त्यांनी सांगितलेली पद्धत मला तेव्हा खेळासारखी वाटली. कंपनीत चाल आधी यायची आणि शब्द मागून. पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम वाजवणारा, चाल वाजवून दाखवायचा. ती नटाच्या गळ्यात बसावी म्हणून कवीनं तिथल्या तिथं तोंडाला येतील ते शब्द भरायचे. त्यांना नाना 'कच्चे शब्द' म्हणत. नट ते कच्चे शब्द घेऊन गात राहायचा, आणि कवी नदीकाठी किंवा धर्मशाळेच्या गच्चीवर जाऊन खरे शब्द शोधायचा. ते सापडले की कच्चे काढून टाकायचे. आणखी एक नेम होता. खरे शब्दसुद्धा लगेच कागदावर घ्यायचे नाहीत. ते आधी नटाच्या तोंडून लोकांसमोर जायचे. एकदा रंगभूमीवर म्हटले गेले, की मग लिहायचे. "लोकांच्या कानाला लागण्याआधी कागदाला लावलं की शब्द आखडतात," असं ते म्हणत. आमच्यासाठी त्यांनी तिथंच एका जुन्या चालीत म्हणून दाखवलं, "मटार सोल ग, दाणे खाऊ नको, आई बघते ग दारातुनी." आम्ही हसून हसून परातीत पडलो. मावशी आतून ओरडल्या, "नाना, दाणे सांडवले तर रात्री भाजीला तुमचे कच्चे शब्दच वाढीन!"

मग बोलपट आले आणि कंपन्या एकेक करून बसल्या. राजवाडे कोणीतरी विकत घेऊन त्यांच्या ताडपत्र्या केल्या. नाना सिनेमात गेले. तिथल्या दिव्यांची धग ते अजून अंगावर असल्यासारखे सांगत. आवाज घेताना पंखे बंद करायचे. राजाच्या मुकुटाखालून घाम ओघळायचा. बाहेर कावळा ओरडला तर सगळं पुन्हा. "नाटकात कावळा ओरडला तर विदूषक त्यालाच चार वाक्यं सुनवायचा," ते म्हणत, "इथं सगळे त्या कावळ्याची परवानगी घेऊन बसायचे."

तिथंच त्यांचं ते गाणं झालं. आमच्या लहानपणी मराठी घरांत ते सगळ्यांना येत होतं. पाळण्यापाशी म्हणत, दिवेलागणीला म्हणत. माझ्या आईलासुद्धा येत होतं, आणि ते सिनेमातलं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

लाव दिवा ग, ओढ दार ग,
दूध निवू दे जरा;
सांज झाली ग, ये घरात ग,
खेळ झाला ना पुरा.

पण नानांसमोर कोणी हे गुणगुणलं, की त्यांचा चेहरा पडायचा. "ते माझं गाणं नव्हे," एवढंच म्हणायचे. एकदा त्यांनी मला कारण सांगितलं. हे कच्चे शब्द होते. चाल तयार झाली तेव्हा पेटीवाला घरी येऊन बसला होता. नानांनी तोंडाला आले ते शब्द त्यात भरले आणि पेटीवाल्यानं ते गाणाऱ्या बाईंना शिकवले. खरे शब्द नाना नंतर देणार होते. त्याच रात्री त्यांना ताप भरला. ते उठून स्टुडिओत गेले तोवर गाणं होऊन गेलं होतं. बाई म्हणाल्या, पाठ झालं होतं, म्हटलं मी. सिनेमा चालला नाही. त्यातली नानांनी जीव ओतून केलेली बाकीची गाणी कुठल्या कुठे गेली. हे एक राहिलं.

"विचार कर पोरी," नाना म्हणाले, "घर बांधलं ते पडलं, आणि बांधताना लावलेली परांची तेवढी उभी. लोक येऊन तिलाच नमस्कार करून राहिलेत." त्यांच्या तोंडून आमच्यासारखं 'करून राहिलेत' निघालं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. पण डोळे हसत नव्हते. त्या चालीला तिचे खरे शब्द मिळाल्याशिवाय आपण जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या बायकांनी कोजागिरीला मी ते गाणं म्हणावं असं ठरवलं. नानांनी मला व्हरांड्यात बोलावलं. अंगणात पारिजातकाचा सडा पडला होता. शेजारच्या तिवारी भाभी त्याला हरसिंगार म्हणत आणि परडी भरून नेत. नाना हळू आवाजात म्हणाले, "शब्द मिळाले. तू म्हणशील?"

मी काय म्हणणार? मला तर वाटलं, मला कोणी मुकुट घातला.

रोज शाळेतून आले की आमचा सराव सुरू व्हायचा. माझी मराठी घरातली, अर्धी हिंदीत भिजलेली. मला 'ळ' धड म्हणता येत नव्हता. 'वेळ' ऐवजी 'वेल' निघायचं. नाना म्हणायचे, "जीभ मागे वळव. आणखी. तिला जरा उंबऱ्याच्या आत घे." फॅक्टरीचा भोंगा वाजला की आम्ही थांबायचो, माणसं सायकलींवरून घंट्या वाजवत घरी जायची, मग पुन्हा सुरू. तिवारी भाभी कुंपणाशी उभ्या राहून म्हणायच्या, "कविजी, बिटिया को तो आपने पक्का पकड़ लिया है!" नाना खूश व्हायचे. त्या दिवसांत ते खरंच तरुण दिसत होते. दाढी रोज करत. एकेका शब्दापाशी थांबत; सूर जरा वर गेला की डोळे मिटत आणि मांडीवर हलकेच थाप देत.

फक्त सुमनमावशी बाहेर येत नव्हत्या. एरवी सरावाच्या वेळी चहा ठेवून जाणाऱ्या, चेष्टा करणाऱ्या मावशी. आम्ही गायला लागलो की आत भांडी जोरात वाजायला लागत.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी नानांनी हाक मारली, "सुमन, बाहेर ये. पूर्ण झालं. ऐक."

मावशी पदराला हात पुसत आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी गायले. एकदाही चुकले नाही.

"छान आहे, नाना," मावशी म्हणाल्या आणि वळल्या.

"थांब. छान म्हणजे काय? इतकी वर्षं ह्या चालीचं देणं लागत होतो मी. नुसतं छान?"

"चांगलं आहे हो. खूप चांगलं आहे." मावशी थांबल्या. "पण ह्यात आई नाही."

"तुझी आई ह्या गाण्यात कधी होती?"

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून दिसतं. त्यात राग नव्हता. अंधारात पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं काहीतरी होतं.

"म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "पुढच्या खोलीत तुम्ही आणि ते पेटीवाले बसला होता. मी मागच्या अंगणात सागरगोटे खेळत होते. आई स्वैपाकघरातून मला ओरडत होती. लाव दिवा ग. ओढ दार ग. मी भुकेली म्हणून दूध मागत होते, तर म्हणाली, निवू दे जरा. तेच सगळं तुम्ही चालीत घातलंत. मी ऐकलं ना."

नाना खुर्चीत पुढे सरकले.

"आणि सिनेमाला गेलो तेव्हा पडद्यावर ती बाई हे म्हणायला लागली. आईनं माझा हात इतका दाबला, इतका दाबला, की बांगडी रुतली. तिला वाटलं, तुम्ही मुद्दाम घातलंत. तिच्यासाठी."

"ती मला कधी बोलली नाही."

"तुम्हाला ठाऊकच असेल, असं वाटलं तिला. मलाही."

नानांनी हात मांडीवरून उचलला आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवला, पुन्हा मांडीवर ठेवला. पारिजातकाचं एक फूल वाऱ्यानं घरंगळत फरशीवर आलं. त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "एकदा म्हणाली होती. ह्या गाण्याला हात लावू नका, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तुला कवितेतलं काय कळतं."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, उद्या जुनंच म्हण."

कोजागिरीला मी जुनं म्हटलं. मैदानात सतरंज्या घातल्या होत्या, पातेल्यात दूध उकळत होतं, त्यात जायफळाचा वास. चंद्र अजून झाडांच्या मागे होता. माझी पहिली ओळ संपायच्या आत सगळ्या बायका म्हणायला लागल्या, मागून माझ्या आईचा आवाज, तिवारी भाभींचासुद्धा, शब्द सोडून नुसत्या चालीचा. 'दूध निवू दे जरा' आल्यावर पेले घेऊन फिरणारी मुलं हसली. मी नानांकडे पाहिलं. मावशी त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. नाना गात नव्हते. मान किंचित वळवून ऐकत होते, जसं मागच्या खोलीत कोणी बोलत असलं की आपण ऐकतो.

त्यानंतर नव्या शब्दांचा विषय त्यांनी काढला नाही. संध्याकाळी मला म्हणायचे, "म्हण ग तिचं गाणं." मी म्हणायचे. त्याच थंडीत, मटार यायला लागले होते तेव्हा, ते गेले. अस्थी सोडायला ग्वारीघाटला बाबाही गेले होते. परत आल्यावर ते इतकंच म्हणाले, नाव पाण्यात गेली तेव्हा नावाड्यानं विचारलं, कोण होते? काकांनी सांगितलं, कवी होते. तर तो बराच वेळ वल्हवायचं थांबला.

परवा मी हे सगळं मनात घेऊन त्या व्हरांड्यात उभी होते. आत ट्रंका उघड्या होत्या. मावशी खूप वाळल्या आहेत. त्यांनी मला पाणी दिलं, कॉलेजचं विचारलं, मराठी विषय घेतला म्हटल्यावर पाठीवरून हात फिरवला. मग ट्रंकेच्या कडेवर बसल्या.

"तुला कशाला बोलावलं, सांगू? नानांचे ते नवे शब्द आठवतात तुला?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी सगळं शोधलं ग. त्यांच्या कागदांत कुठं नाहीत. असणारही नाहीत, लोकांसमोर म्हटले गेलेच नाहीत ना." त्या साडीची घडी करत होत्या, ती पुन्हा उलगडली. "आई मला रोज सापडते. कोणीही म्हणतं ते. नागपूरला जाईन तर तिथंही कोणी ना कोणी म्हणेल. नाना कुठं सापडणार? ते तुझ्यापाशीच राहिले. असतील तर म्हण. नसतील आठवत, तरी चालेल, राग नाही."

आठवत होते. सायकल चालवताना, परीक्षेला जाताना, घरात सगळे झोपले असताना मी ते मनात म्हणत आलेच होते. पण आवाज लावून कधी नाही. मला भीती वाटली, की मोठ्यानं म्हटले की तुटतील. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं.

वाट पाहते, सांज राहते
उंबरठ्याशी उभी;
एक चांदणी तुझ्या अंगणी,
जागते माझ्या नभी.

पुढचं कडवंही म्हटलं. वळून पाहिलं तर मावशी रडत नव्हत्या. त्या ओठ हलवून बघत होत्या.

"परत म्हण," त्या म्हणाल्या. "सावकाश. मला पाठ करायचं आहे."

मी एकेक ओळ देऊ लागले, त्या मागून म्हणू लागल्या. त्यांचा आवाज आता कापतो, सूर खाली घसरतो. पहिली ओळ बसली. दुसरी पुन्हा पुन्हा निसटत होती. तेवढ्यात काका सुतळीचं बंडल घेऊन दारात आले. "चलो, बिस्तरा बांधायचा ना? हमाल संध्याकाळी येणार आहे."

"थांबा हो जरा," मावशी म्हणाल्या, माझ्या तोंडाकडे बघत. "नानांची दुसरी ओळ पाठ करून राहिले मी."